ठरावबुकातल्या सहा कोऱ्या ओळी

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की यांना माझा नंबर कोणी दिला? दुसरा प्रश्न, मीच का? माझ्या मागेपुढे निवृत्त झालेले मुख्याध्यापक जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी पुरस्काराच्या शाली घडी करून ठेवलेल्या आहेत. "मॅडम, लोकसहभागातून शाळा कशी चालवली ते लिहा ना दिवाळी अंकासाठी," असं ते म्हणाले. फार गोड बोलले. गोड बोलणाऱ्या माणसाची मला आधीच धास्ती वाटते. चार दिवस हो-नाही करत काढले. मग वाटलं, लोकसहभाग या विषयावर नोकरीत मी इतकं खोटं लिहिलं आहे, की एकदा खरं लिहून बघावं.

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. आमचे हे म्हणतात, भाजीवालीनं मूठभर भेंडी जास्तीची टाकली तर तू घरी येऊन प्रत्येक भेंडी उलगडून बघतेस. खरं आहे ते. जिल्हा परिषदेच्या नोकरीनं हा स्वभाव कमी केला नाही, वाढवला. सुरुवातीची वर्षं बाभुळगाव तालुक्यात गेली आणि शेवटची सात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात, मुख्याध्यापिका म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि नाही ओळखलं तर उत्तमच.

माझं घर यवतमाळला, लोहाऱ्याच्या बाजूला. रोज दारव्ह्यापर्यंत बस, पुढे जीप. जीपवाला गाडी गच्च भरल्याशिवाय हलायचा नाही. आमच्या धंद्यात याला 'अप-डाउन' म्हणतात, आणि अप-डाउन करणाऱ्या मास्तरांवर कोणत्याही गावाचा जीव नसतो. जीपमधून उतरले की पारावरची चार डोकी आधी घड्याळाकडे वळायची, मग माझ्याकडे. समितीत एक म्हातारे सदस्य होते. सगळे त्यांना आबाजी म्हणायचे. त्यांचा नातू सातवीत होता. एकदा शाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, आफिसातला पंखा कायले चालू हाये? आत तं कोनीच नाही."

"मी आहे ना, आबाजी."

"तुमी तं बाहेर उभ्या हाये."

"तुम्ही हाक मारली म्हणून आले."

"मंग बंद करून याचं ना."

मी आत जाऊन पंखा बंद केला, आणि मनात नोंद केली की या म्हाताऱ्याला कोणीतरी पाठवलं आहे. त्यांना कोणीही पाठवलं नव्हतं. त्यांना खरोखर पंख्याचीच काळजी होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. सरकारी शाळा एकट्या मुख्याध्यापकानं चालवायची नाही, गावानं मिळून चालवायची, असा कायदा आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. बहुतेक सदस्य पालक, त्यात निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक सचिव. महिन्याला सभा घ्यायची, विषय मांडायचे, चर्चा करायची, ठराव करायचा, तो ठरावबुकात लिहायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या. कागदावर याच्याइतकी सुंदर गोष्ट नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. जुलैत निंदण, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी. समितीतल्या बायका सकाळी सातला वावरात जातात आणि दिवे लागायच्या आत परततात, तेव्हा मी जीपमध्ये असते. मग सभा कोण घेणार आणि कोणाची? त्यामुळे आम्ही काय करायचो, ठरावबुक शिपायाच्या पिशवीत घालून द्यायचो. नामदेव आमचा शिपाई, सायकलवर निघायचा आणि वावरावावरात जाऊन सह्या गोळा करून आणायचा. आमच्या बुकाच्या पानांवर काळ्या मातीची बोटं उमटलेली असायची, एखाद्या पानावर हिरवा डाग. सभेचा वृत्तांत मी निवांत लिहायचे: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे.

आणि एक युक्ती होती, ती मला माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी शिकवली. विषयपत्रिकेत शेवटचा विषय असतो, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. त्याच्याखाली पाच-सहा ओळी कोऱ्या सोडायच्या आणि मग सह्यांची जागा आखायची. कार्यालयातून कधी काय मागतील भरवसा नसतो. वृक्षारोपणाचा ठराव मागतील, स्वच्छतेचा मागतील, आणि दुपारी बाराला मागून दोनपर्यंत पाहिजे म्हणतील. मग त्या कोऱ्या ओळी कामाला येतात. सह्या आधीच खाली तयार. मी हे सगळ्या मुख्याध्यापकांना लागू आहे असं म्हणत नाही, पण माझ्या ओळखीत कोणी ओळी न सोडणारा निघाला तर मी त्याच्या घरी जाऊन पाया पडेन.

आता वच्छलाबाई. ती समितीची अध्यक्ष झाली तेव्हा तिची मुलगी प्रज्ञा आठवीत होती. वच्छलाबाई दुसऱ्याच्या वावरात कामाला जायची, स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. निवडीच्या दिवशी दोन पुढाऱ्यांच्या माणसांत जुंपली आणि कोणीच मागे हटेना, तेव्हा तडजोड म्हणून हिचं नाव पुढे आलं. त्यांना वाटलं ही गप्प बसेल. मलाही तेच वाटलं. काही लोकांना तर तिच्या वस्तीतली बाई अध्यक्ष झाली हेच पचलं नव्हतं, पण तोंडावर कोणी बोललं नाही.

पहिल्याच महिन्यात नामदेव बुक घेऊन परत आला. सगळ्यांच्या सह्या होत्या, अध्यक्षाची जागा रिकामी.

"बाई म्हनते वाचून दाखवा, मंग सही करतो," नामदेव म्हणाला.

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला कोणी शिकवून पाठवलं? दुसऱ्या दिवशी ती सकाळी वावरात जाण्याआधी शाळेत आली. पदर खोचलेला, हातात डबा. "जयभीम मॅडम," म्हणून खुर्चीच्या टोकावर टेकली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचून घेतली. 'सविस्तर चर्चा होऊन' इथं थांबली.

"हे कवा झालं मॅडम?"

"तसं लिहावं लागतं, वच्छलाबाई. पद्धत असते."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सही केली. सावकाश, एकेक अक्षर. मी घरी आल्यावर यांना म्हटलं, "या बाईच्या मागं कोणीतरी आहे." हे म्हणाले, "तिच्या मागं तिची मुलगी आहे, आठवीतली." मला त्यांचं बोलणं तेव्हा फार बाळबोध वाटलं.

वर्षभर ती अशीच दर महिन्याला यायची. मग हळूहळू येणं कमी झालं. नामदेवानं बुक वावरात नेलं तर तिथंच सही करून द्यायला लागली. मी त्याचाही अर्थ लावला: आता हिचं काहीतरी दुसरं चाललं आहे, म्हणून बुकात रस उरला नाही. म्हणजे बघा, वाचून घेतलं तरी संशय, नाही घेतलं तरी संशय. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा नाही आलं.

आमच्याकडे गणिताला राठोड सर होते. तरुण माणूस, आठवी ते दहावीला दुसरं कोणीही नाही, तेच एकटे. मुलांना त्यांचा भलताच लळा. ते गावातच खोली करून राहायचे, त्यामुळे गावाला ते आपले आणि आम्ही अप-डाउनवाले परके. तांड्यावरची बंजारा मुलं त्यांच्याशी त्यांच्या गोरबोलीत बोलायची. मला त्यातला एक शब्द कळायचा नाही, आणि मधेच हसू फुटलं की मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलताहेत. एकदा मी आठवीतल्या एका मुलीला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, "आत्ता काय म्हणाले ग सर?" ती घाबरून म्हणाली, "सर म्हणाले, डबा धुऊन ठेव."

प्रज्ञा दहावीत गेली त्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टमध्ये एक दिवस माझी नेहमीची जीप चुकली, म्हणून मी उशिराच्या जीपनं निघाले. जीप वस्तीवरून वळली तेव्हा मला दिसलं, वच्छलाबाईच्या अंगणात राठोड सर बसलेत, बाजूला चार-पाच बायका, मध्ये एक लांबलचक कागद. सर लिहीत होते, वच्छलाबाई सांगत होती. जीप बघून एकीनं काहीतरी म्हटलं आणि सरांनी कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं केलं, "काल संध्याकाळी कुठं होता सर?"

"घरीच होतो मॅडम."

तोंडावर खोटं! रात्रभर झोप नाही. माझ्याविरुद्ध तक्रारअर्ज तयार होतोय, हे मला लख्ख दिसत होतं. काय काय लिहिलं असेल? उशिरा येते. सभा घेत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आता चौकशी लागली तर शेवटी तोंड काळं करून जायचं. आणि मला वाटलं, हा माणूस माझ्या शाळेत बसून माझ्याच मुळावर उठला आहे.

पुढचा आठवडा गेला आणि तालुक्याच्या कार्यालयातून फोन आला. दुसऱ्या एका गावच्या शाळेत गणिताला शिक्षक नव्हता, तिथली मंडळी वजनदार होती, आणि राठोड सरांना तिकडे कामगिरीवर पाठवायचं घाटत होतं. कामगिरी म्हणजे बदली नव्हे. नाव आपल्या शाळेत, माणूस दुसरीकडे, आणि परत कधी येईल ते कोणी सांगत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या समितीचा ना हरकत ठराव असेल तर आजच फोटो काढून पाठवा. समितीची हरकत असेल तर तसं सांगा, आम्ही दुसरी शाळा बघतो."

तसं सांगा, असं ते म्हणाले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता.

मी कपाटातून ठरावबुक काढलं. जुलैच्या सभेचं पान. ऐनवेळचे विषय. खाली सहा ओळी कोऱ्या, त्याखाली सगळ्यांच्या सह्या, पहिली वच्छलाबाईची. मी पेन उघडलं आणि लिहिलं: 'राठोड सर यांना कामगिरीवर पाठविण्यास समितीची हरकत नाही. सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.' अक्षर माझं चांगलं आहे. ओळी बरोबर भरल्या. फोटो काढला, पाठवला. सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सर गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "मॅडम, दहावीचा बीजगणिताचा पाचवा धडा अर्धा राहिला आहे." मी म्हटलं, "बघू." मुलं रडली. मी ऑफिसात जाऊन बसले, पंखा लावून.

मग दहावीला गणित कोण शिकवणार? मी मराठीची शिक्षिका. गाईड पुढ्यात घेऊन उभी राहिले. बीजगणित कसंबसं रेटलं, भूमितीत पार अडकले. प्रज्ञा पहिल्या बाकावर बसायची. मी फळ्यावर चुकले की ती मान खाली घालायची, सांगायची नाही. मला ती मान बघवत नसे.

सोंगणी संपली तशी वच्छलाबाई आणखी चार बायकांना घेऊन दारव्ह्याला कार्यालयात गेली. आमचे सर परत द्या म्हणायला. तिथल्या बाबूनं तिच्यापुढे ठरावाची झेरॉक्स टाकली. "बाई, तुम्हीच तर ना हरकत दिली. ही तुमचीच सही ना?"

दुपारी ती जीपमधून उतरून सरळ शाळेत आली. झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "मॅडम, मले सभा पायजे. खरीखुरी. सगळ्याईले बोलवा."

"घेऊ ना. विषय काय लिहू?"

"हाच," ती म्हणाली, आणि कागद परत घेऊन गेली.

सभेपर्यंतचे चार दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी बचाव तयार केला. कोण म्हणणार जुलैत सभा झाली नाही? सह्या आहेत. सगळे महिन्यामहिन्याला सह्या करतात, कोणाला कोणता महिना आठवतो? मी नामदेवाला बोलावलं.

"नामदेव, जुलैत सभा झाली होती ना रे आपली?"

तो दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. "मॅडम, मी सह्या आनल्या. सभेचं मले काई माहीत नाही."

"कोणी विचारलं तर?"

"विचारलं तं हेच सांगीन."

हाही फुटला, असं मला वाटलं. खरं तर तो कधी कोणाच्याच बाजूचा नव्हता.

सभेला सगळे आले. माझ्या पाच वर्षांत पहिल्यांदा. दहावीच्या वर्गात बाकांवर दाटीवाटीनं बसले. आबाजीसुद्धा काठी टेकत आले आणि आल्याआल्या पंखा बंद करायला लावला. वच्छलाबाईनं उभं राहून झेरॉक्स वाचली, बोट ठेवून, अडखळत, शेवटपर्यंत. मग विचारलं, "हे कोनाले माहीत होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तुहा साळा त्याच गावात राहते ना? तूच जुळवलं असन." दुसरा उठून अंगावर गेला. एक बाई म्हणाली, मागच्या महिन्यात अमुक माणूस कोणाच्या घरी आला होता ते मी पाह्यलं. आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "पयली सही कोनाची हाये, थे पाहा ना! अध्यक्षाची. हिनंच पाठवलं सरले. अन् वरून आपल्यालेच विचारून राह्यली."

"हो ना! कार्यालयात जाऊन आली म्हने. काय ठरवून आली कोनाले माहीत?"

"राजीनामा घ्या तिचा!"

ज्यांना ती दोन वर्षं पचली नव्हती, ते आता मोकळ्या तोंडानं बोलायला लागले. वच्छलाबाई उभीच होती. कागद हातात. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. अहो, कोणाच्या मनातही आलं नाही! मला फक्त गप्प बसायचं होतं. ती गेली असती, नवा अध्यक्ष आला असता, तो बिनवाचता सह्या करणारा असता, आणि माझी दोन वर्षं सुखानं गेली असती. मी हे सगळं तिथं बसल्या बसल्या मोजलं. मी गप्प बसले. किती वेळ, ते लिहीत नाही.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही. "सही माहीच हाये. ठराव माहा नाही. पन चूक माही झाली. जुलैत निंदनाची घाई होती, वाचून नाही घेतलं. मले वाटलं, मॅडम लिहितीन ते बराबरच लिहितीन. देतो मी राजीनामा. पन आधी सरले आना. पोराईचं वर्ष चाललं."

माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि मी दोन वर्षं तिच्यावरच नजर ठेवून होते. मी उभी राहिले.

"तो ठराव मी लिहिला," मी म्हटलं. "सभा झाली नव्हती. जागा कोरी होती. सह्या झाल्यावर, नंतर लिहिला. वच्छलाबाईंना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं."

आबाजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. वच्छलाबाई माझ्याकडे वळली.

"काहून मॅडम?"

आता कशाला लपवायचं? "मला वाटलं, तुम्ही आणि सर मिळून माझ्याविरुद्ध अर्ज लिहिताय. मी जीपमधून पाहिलं होतं."

"हो," ती म्हणाली. "तुमच्याविरुद्धच होता."

मी खाली बसले.

"तुमी आमाले बोलावतच नाही. सभा घेत नाही. नामदेवभाऊले वावरात पाठवता. आमाले राग होता. बायकाईनं सांगतलं अन् सरनं लिहून देल्लं. पन देऊ नाही देल्ला सरनं. म्हने, आधी मॅडमले तोंडावर वाचून दाखवू. त्याईनं नाही आयकलं तं मंग पाठवू. पोराईची चाचणी होऊ द्या, मंग जाऊ म्हने मॅडमकडे. तवापर्यंत तुमी त्याईलेच पाठवून देल्लं."

सरांनी जाताना तिच्याकडे दिलेला तो अर्ज तिच्या ब्लाऊजमध्ये होता. तिनं काढून माझ्या हातात दिला. शेवटची ओळ सरांच्या अक्षरात होती: मॅडमनी महिन्यातून एक दिवस शेवटच्या जीपनं जावं, आम्ही वावरातून लवकर येऊ. एवढीच मागणी. सभेची तक्रार सोडली, तर मी मनात रचलेलं काहीही त्यात नव्हतं.

त्याच बैठकीत नवा ठराव झाला, सगळ्यांसमोर लिहिला, सगळ्यांसमोर वाचला. वच्छलाबाईचा राजीनामा मागणाऱ्यांनीच तो मागणं सोडून दिलं, त्याबद्दल माफी मात्र कोणी मागितली नाही. मी कार्यालयाला स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की आधीचा ठराव बनावट होता आणि तो मी केला. कारणे दाखवा नोटीस आली, सेवापुस्तकात ठपका बसला. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी शेवटच्या जीपनं जायला लागले. सभा दिवेलागणीला, बायका वावरातून थेट यायच्या, हातपाय धुवायला शाळेच्या टाकीवर गर्दी व्हायची. भांडणं व्हायची, जोरात व्हायची. मुलींच्या शौचालयाला पाणी का नाही, नववीतली दोन पोरं शाळेत का दिसत नाहीत, मॅडमचा पंखा. संशय कोणाचाही संपला नाही. ते माझ्यावर नजर ठेवून असायचे, मी त्यांच्यावर. पण आता तो संशय सगळ्यांच्या समोर, तोंडावर होता, आणि शाळा माझ्या हातून पूर्वी कधी चालली नव्हती तशी चालली.

पण राठोड सर लगेच आले नाहीत. कामगिरीचा आदेश काढायला एक दिवस लागतो, मागे घ्यायला महिने. त्या वजनदार गावानं त्यांना सोडलं नाही. आम्ही तीनदा गेलो कार्यालयात, वच्छलाबाई, मी आणि आबाजी, एकाच जीपमध्ये. सर परतले तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता. मला म्हणाले, "नमस्कार मॅडम, दहावीचा तास कोणता देता?" मी म्हटलं, "हवा तो घ्या." शाळा सुटल्यावरही ते शिकवायचे, रविवारी शिकवायचे. चार महिन्यांचं चार आठवड्यांत कुठं होतं?

निकाल लागला. दहावीची मुलं गणितात राहिली, सगळी नाही, पण राहिली. त्यात प्रज्ञा होती. बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण, मराठीत तर शाळेत पहिली. गणितात थोडक्यात गेली.

गुणपत्रिका न्यायला वच्छलाबाई एकटीच आली. मी त्या दिवसाची भीती घेऊनच झोपत-उठत होते. मला वाटत होतं, ती काही बोलणार नाही, मोठेपणा करेल, 'जाऊ द्या मॅडम' म्हणेल, आणि ते मला सहन होणार नाही. म्हणून मीच आधी बोलले.

"वच्छलाबाई, हे माझ्यामुळं झालं."

तिनं गुणपत्रिका उघडली. गणिताच्या ओळीवर बोट ठेवलं. आकडा वाचला. मग वर बघितलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच झालं."

मी मान खाली घातली. ती उठली नाही. गुणपत्रिकेची नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "जुलैच्या फेरपरीक्षेचा फार्म कोनत्या तारखेलोक भराचा हाये?"

मी तारीख सांगितली.